शेवटाचं तेवढं राहिलंय

उलटरावांचं खरं नाव फक्त छापखान्यातल्या हजेरीच्या यंत्राला ठाऊक आहे. बाकी सगळे त्यांना उलटरावच म्हणतात, आणि त्याला कारण आहे. औषधांची खोकी छापणाऱ्या या कारखान्यात ते गेली एकोणीस वर्षं मजकूर तपासतात आणि तो उलटा वाचतात. शेवटच्या शब्दापासून सुरू करून पहिल्या शब्दापर्यंत. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की माणूस पुढचं गृहीत धरतो, आणि गृहीत धरलं की चूक निसटते, असं त्यांच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. उलटरावांनी ते इतकं मनावर घेतलं की कोणत्या औषधाने काय बरं होतं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. पण एकदा ‘दिवसातून तीन गोळ्या’च्या जागी ‘तीस गोळ्या’ पडलं होतं, ते त्यांनीच पकडलं. ही हकिगत ते अजून सांगतात. गेल्या खेपेला आकडा तीनशेवर गेला होता.

एवढ्यावर माणसाने समाधान मानायला हरकत नव्हती. पण हौसेला मोल नसतं, आणि उलटरावांना हौशी दोन. पहिली, ते कॉमिक्स लिहितात. चित्रं नाही हो काढत. त्यांनी काढलेली गाय लोकांना टेबल वाटते. ते गोष्ट लिहितात, चौकटीत काय घडतं आणि फुग्यात कोण काय बोलतं ते. दुसरी हौस म्हणजे इम्प्रोव्ह. महिन्यातून दोन शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये ‘आयत्या वेळचे’ या नावाची सात माणसं कुठलीही संहिता न घेता स्टेजवर उभी राहतात. प्रेक्षक एखादा शब्द देतात आणि त्या शब्दावर तिथल्या तिथे विनोदी प्रवेश उभा करायचा. त्या सातांतले सातवे म्हणजे उलटराव.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” असं त्यांची बायको म्हणते. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला लोकांचे सांधे जागेवर बसवायची सवय आहे, आणि घरातला हा एक सांधा काही केल्या बसत नाही. उलटरावांनी त्यावर उपाय म्हणून पित्ताच्या गोळ्यांच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर स्वतःची कार्डं छापून घेतली, ‘लेखक आणि विनोदकार’. दोनशे छापली होती. एकशेसत्त्याऐंशी कपाटात आहेत. वाटलेल्या तेरांपैकी दोन सासूबाईंनीच घेतली, खिडकी खडखडते तिथे खाली सारायला.

आता मुद्द्याचं सांगायचं तर कॉमिक्सला आधी आराखडा लागतो. पान किती, चौकटी किती, शेवट काय, हे सगळं ठरल्याशिवाय चित्रकाराने पेन्सिल टेकवू नये. इम्प्रोव्हमध्ये नेमकं उलट, तिथे काहीही ठरवणं हेच पाप. ‘घरून डबा आणायचा नाही’ हा ‘आयत्या वेळच्यां’चा पहिला नियम. म्हणजे तयार विनोद पाठ करून यायचं नाही. दुसरा नियम असा की समोरचा जे देईल त्याला हो म्हणायचं आणि त्यात भर घालायची. उलटरावांनी हे सगळे नियम नीट समजून घेतले आणि मग नेमके चुकीच्या जागी लावले. कॉमिक्स ते आयत्या वेळी लिहीत, आणि इम्प्रोव्हला डबा नेत. आणि ‘हो’ ते सगळ्यांना म्हणत.

कॉमिक्सची चित्रं काढत होत्या पट्टीबाई. त्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतात. सपाट पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे मुडपायचा, कोणता कान कोणत्या खाचेत गेला म्हणजे त्याचं खोकं होतं, याचे आराखडे त्या काढतात. हातात कायम स्टीलची पट्टी, म्हणून पट्टीबाई. चोवीस वर्षांत त्यांनी काढलेलं प्रत्येक खोकं लोकांनी फाडलंय, आतली गोळी घेतलीय आणि ते कचऱ्यात टाकलंय. त्यांची तक्रार नव्हती; खोक्याचा जन्मच त्यासाठी. पण चार वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्या म्हणाल्या होत्या, “एक तरी वस्तू अशी व्हावी रे, जिच्यावर माझं नाव असेल आणि जी कुणी फाडून टाकणार नाही.”

उलटराव तेव्हा नुकतेच इम्प्रोव्ह शिकत होते. ते म्हणाले, “हो! आणि ती वस्तू म्हणजे पुस्तक! आणि मी लिहिणार!”

असं ते कॉमिक्स सुरू झालं. नायक झेरॉक्सच्या दुकानाचा मालक. सगळ्यांना हो म्हणता म्हणता त्याची तारांबळ उडते, तेव्हा तो एके दिवशी स्वतःच मशीनच्या काचेवर आडवा होतो आणि स्वतःची प्रत काढतो. एक प्रत दुकानात, एक घरी, एक मित्राच्या लग्नाला. प्रतीची प्रत काढत गेल्यावर ती फिकट होते, तशी ही माणसंही दिवसेंदिवस फिकट होत जातात. इतकी विलक्षण कल्पना आपल्याला कुठून सुचली असेल, याचं उलटरावांना राहून राहून नवल वाटे. त्यांना ओळखणाऱ्या दुसऱ्या कुणालाही ते वाटत नसे.

काम चालायचं ते असं. दर शुक्रवारी उलटराव एका पानाची गोष्ट पट्टीबाईंना देत. पुढच्या शुक्रवारी काय होणार हे त्यांनाही ठाऊक नसे, आणि याचाच त्यांना अभिमान. पट्टीबाई रोज पहाटे उठून, घरातली माणसं जागी व्हायच्या आत दीड तास चित्र काढत. पान पूर्ण झालं की ते तपासायला उलटरावांच्या टेबलावर यायचं. उलटराव लाल पेन काढत, उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या फुग्यातल्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करत आणि वरच्या पहिल्या फुग्याशी पोचत. एखादा अनुस्वार, एखादी वेलांटी. मग वर ‘छान’ असं लिहून पान परत. मधले कित्येक शुक्रवार बुडाले तरी असं करत करत एकशेबारा पानं झाली.

“शेवट काय आहे?” पट्टीबाई अधूनमधून विचारत.

“डोक्यात तयार आहे,” उलटराव म्हणत. त्यांच्या डोक्यात त्या वेळी सहसा शनिवार असे.

शनिवारची तऱ्हा निराळी. उलटराव पहिल्यांदा स्टेजवर गेले त्या दिवशी प्रेक्षकांनी ‘शिडी’ हा शब्द दिला होता आणि उलटरावांना चार मिनिटं शिडीबद्दल काहीही सुचलं नव्हतं. ते नुसते चढले आणि उतरले. त्या रात्री त्यांनी ठरवलं की असा प्रसंग पुन्हा येऊ द्यायचा नाही. त्यांनी दोन अनोळखी माणसं आणि एक छत्री असा सहा मिनिटांचा एक प्रवेश घरी लिहून काढला, आरशासमोर बसवला, आणि मग प्रश्न उरला तो एवढाच की प्रेक्षकांनी ‘छत्री’ हाच शब्द द्यावा कसा?

तो प्रश्न सासूबाईंनी सोडवला. सासूबाई त्यांच्याकडेच राहतात. तीस वर्षं त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. त्यांनी हळू बोललेलं शेजारच्या इमारतीत ऐकू जातं. ठरलं असं की त्यांनी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचं आणि जावईबापूंनी डावा कान चोळला की ‘छत्री!’ म्हणून ओरडायचं. हे त्यांनी सात वेळा बिनचूक केलं. स्टेजवर ‘छत्री’ आली की उलटरावांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटे, तो त्यांचा एकमेव खरा अभिनय होता. बाकीचे सहाजण नियमाला बांधलेले. समोरचा जे देईल त्याला हो म्हणायचं, त्यामुळे त्यांनी सातही वेळा मुकाट्याने ती छत्री उघडली. मंडळींच्या प्रमुख मास्तरीणबाई, म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तेवढ्या हल्ली उलटरावांकडे उत्तर मागे बघून लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघत.

अशा रीतीने दोन्ही डगरींवर पाय ठेवून उलटराव मजेत चालले होते, तोच एक प्रकाशक भेटला. तोही छोटाच, पण खरा. पट्टीबाईंनीच त्याला एकशेबारा पानं पाठवली होती. त्याला ती आवडली. पुस्तक काढतो म्हणाला, दोघांची नावं मुखपृष्ठावर, छपाईची तारीखही ठरली आहे. मात्र शेवटासकट सगळी पानं सोमवारी दुपारी बारापर्यंत हातात हवीत. शेवट नसेल तर ती तारीख दुसऱ्या पुस्तकाला जाईल, आणि मग आपल्याकडे दोन वर्षं जागा नाही.

पट्टीबाई जिना उतरून खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उलटरावांनी कधी पाहिला नव्हता इतका खुलला होता. “बारा दिवस आहेत,” त्या म्हणाल्या. “तू मला शेवटची आठ पानं उद्या दिलीस तर मी रजा टाकून काढते. तयार आहे ना?”

“हो,” उलटराव म्हणाले. आणि सवयीने पुढेही म्हणाले, “आणि फार भारी आहे.”

त्यानंतरच्या दहा दिवसांत उलटरावांनी सतरा शेवट लिहिले. एकात मशीनला आग लागते. एकात सगळ्या प्रती मिळून नायकाला काढून टाकतात. एकात ते सगळं स्वप्न निघतं. हा लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच वही बंद केली आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले. एकही धड नव्हता. पुढे काय होणार हे ठरवायचंच नाही, असं चार वर्षं अभिमानाने केल्यावर गोष्टीला जायला जागाच उरली नव्हती. पट्टीबाईंना हे सांगायचं सोडून उलटरावांनी चहाला मागच्या दाराने जायला सुरुवात केली. जिन्यावर पट्टीचा आवाज आला की ते कागदाच्या गठ्ठ्यांमागे वाकून काहीतरी शोधत. एकदा तिथे छपाईवालाही आधीच वाकून बसला होता. त्याचं त्याचं काही निराळं प्रकरण होतं. दोघे एकमेकांना काही न विचारता परत उभे राहिले.

शुक्रवारी पट्टीबाईंचा निरोप आला. ‘आठ दिवसांची रजा मंजूर होऊन तशीच पडून राहिली. उद्या तुझ्या कार्यक्रमाला येते. शेवट तिथेच दे.’

शनिवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता, म्हणजे एकतीस माणसं होती. पहिले दोन प्रवेश बरे झाले. तिसऱ्यात उलटरावांचा नंबर. ते दिव्यांखाली येऊन उभे राहिले आणि मास्तरीणबाई प्रेक्षकांकडे वळल्या, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि हातात चित्रांचं मोठं काळं पाकीट घेऊन पट्टीबाई आत आल्या. उलटरावांच्या कपाळाला घाम फुटला. तो पुसायला म्हणून त्यांनी हात वर नेला, घाबरल्यामुळे तो कपाळाऐवजी कानाशी गेला, आणि कान चोळला गेला.

“आता मंडळी, आम्हाला एखादं ठिकाण सांगा,” मास्तरीणबाई म्हणत होत्या. “घर, दुकान, बागबगीचा, कुठलंही ठिकाण.”

“छत्री!” सासूबाईंनी हॉल दणाणून सोडला.

“आजी,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “मी ठिकाण विचारलं.”

“छत्रीच!”

“मागच्या वेळीही तुम्ही छत्रीच म्हणालात. त्याच्या आधीही. दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला?”

“सुचतं की ढीगभर,” सासूबाई दुखावल्या. “पण जावईबापूंनी एवढंच पाठ करून घेतलंय माझ्याकडून!”

हॉल खो खो हसला. स्टेजवरचे सहाजणही हसले, त्यात सात छत्र्यांचं उट्टं होतं. उलटरावांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण खाली लाँड्री होती. मास्तरीणबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “दुसरं कुणी ठिकाण सांगा.”

“झेरॉक्सचं दुकान,” दाराजवळून पट्टीबाई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या लगेच गिऱ्हाईक झाल्या, काल्पनिक काउंटरवर काल्पनिक कागद ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, ही गोष्ट अर्धवट छापून आलीय. शेवटची पानं कुठायत? द्या बरं लवकर.”

उलटराव उभे राहिले. डबा नव्हता. छत्री नव्हती. समोर मास्तरीणबाईंचा पसरलेला हात आणि त्यापलीकडे, अंधारात, काळं पाकीट छातीशी धरून उभ्या असलेल्या पट्टीबाई.

“नाहीयेत,” ते म्हणाले.

“कधी मिळतील?”

“नाहीचयत. कधीच नव्हती. मी चार वर्षं सांगतोय की तयार आहेत, पण मला शेवट ठाऊकच नाही. मी हो म्हणालो, कारण मला नाही म्हणता येत नाही. मी दहा दिवस मागच्या दाराने चहाला जातोय.”

प्रेक्षक हसले. साधे नाही, पोट धरून हसले. उलटरावांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा हशा, टाळ्यांसकट. मास्तरीणबाईंनी स्टेजवरच त्यांची पाठ थोपटली आणि कानात म्हणाल्या, “आज पहिल्यांदा काहीतरी केलंत.” त्या कौतुकाने फुलून उलटरावांनी पुढे झुकून अभिवादन केलं आणि मान वर केली, तेव्हा दार उघडं होतं आणि पट्टीबाई गेल्या होत्या. काळं पाकीट सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर होतं.

उलटरावांनी जिन्यावरून तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो वाजत राहिला.

रविवारी सकाळी बायकोने ती पानं जेवणाच्या टेबलावर मांडली. तिने हे कॉमिक्स कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्याने दरवेळी ‘पूर्ण झालं की दाखवतो’ म्हटलं होतं. ती आणि सासूबाई पहिल्या पानापासून बघू लागल्या. उलटराव पलीकडे बसून अठरावा शेवट लिहायच्या खटपटीत होते.

“नाक तर हुबेहूब तुझं आहे,” बायको म्हणाली.

“कुणाचं?”

“झेरॉक्सवाल्याचं. आणि उभा राहतोही तुझ्यासारखा, पळायच्या तयारीत. काय रे, तुला माहीत नव्हतं?”

उलटरावांनी मान लांब करून पाहिलं. नाक त्यांचंच होतं. एकशेबारा पानांवर तपासणीची सही त्यांची होती, आणि एकाही पानावर त्यांना स्वतःचं नाक दिसलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा तोंडावरच होता.

“आणि ही बाई कोण हो, जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठली बाई? माझ्या गोष्टीत बाई नाही.”

“मग ही कोण रांगेत उभी? आधीच्याही पानावर होती. ही बघा. आणि ही.”

तेव्हा उलटरावांनी वही बाजूला ठेवली आणि पानं हातात घेतली. फुगे न वाचता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सरळ. आयुष्यात पहिल्यांदा. अकराव्या पानावर दुकानाबाहेरच्या रांगेत शेवटी एक बाई उभी होती, हातात एकच कागद. बाराव्यावरही होती. पुढची माणसं काम करून जात होती, नवी मध्ये घुसत होती, फिकट झेरॉक्सवाले येत-जात होते, आणि ती उभीच होती. तिसाव्या पानावर तिने भार दुसऱ्या पायावर घेतला होता. पन्नासाव्यावर केस बांधले होते. पंच्याऐंशीव्यावर ती काउंटरला अगदी टेकली होती आणि झेरॉक्सवाला तिच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला ‘हो, हो, देतो’ म्हणत होता. तो फुगा उलटरावांनीच लिहिला होता. तिच्या खांद्याशी त्यांच्या लाल पेनाची खूण होती.

त्यांना लाज वाटली. नुसती नाही, कानशिलं गरम होण्याइतकी. शेवट न सुचल्याची लाज त्यांना दहा दिवस वाटतच होती, पण ही निराळी होती. चार वर्षं एक माणूस पहाटे उठून त्यांच्याशी बोलत होतं आणि ते अनुस्वार मोजत होते.

“काय लिहिणार आता?” बायकोने विचारलं.

“लिहीत नाही. तिच्याकडे जातो.”

पट्टीबाईंनी दार उघडलं, आणि पाकीट घ्यायला हात पुढे केला. आत या असं काही म्हणाल्या नाहीत. उलटराव आत गेले. खिडकीखाली चित्रांचं टेबल होतं, त्यावर आठ कोरी पानं, समास आखून तयार.

“काल छान हसले लोक,” पट्टीबाई म्हणाल्या.

“हो.” मग उलटरावांनी पंच्याऐंशीवं पान काढून टेबलावर ठेवलं. “ही कोण?”

पट्टीबाईंनी पानाकडे पाहिलंही नाही. “दिसली का?”

“आज दिसली. तीही सासूबाईंना. मला नाही दिसली, खरं सांगतो.”

“वाटलंच.”

“माझं चुकलं. तू चित्रं काढत होतीस आणि मी फक्त माझी अक्षरं वाचत होतो. मला फार लाज वाटते.” यानंतर काहीतरी गमतीदार बोलून सुटायची त्यांची सवय होती. ते वाट बघत थांबले, पण काही आलं नाही.

पट्टीबाई खुर्चीवर बसल्या. “अकराव्या पानावर ती नुसतीच होती. रांगेला माणसं लागतात ना. मग मला वाटलं, हिचा नंबर येऊ दे की. तू तिच्याबद्दल काहीच लिहीनास. म्हटलं, दिसेल कधीतरी, विचारेल. दिसावी म्हणून मी तिला पुढे पुढे आणत गेले. इथे तर तुझ्या नाकासमोर आणून उभी केली. त्यावर तू काय लिहिलंस आठवतंय? ‘फुगा तीन, अनुस्वार राहिला.’ ”

उलटरावांना आठवत नव्हतं. पण ते पानावर लिहिलेलंच होतं.

“तिच्या हातात काय आहे?”

“कागद.”

“कसला?”

“ते तू लिहायचं होतंस,” पट्टीबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चिरकला. “म्हणून तर विचारत होते ना इतके दिवस, शेवट काय, शेवट काय. मी काय आठ पानं मागत होते होय?”

उलटराव त्या बाईच्या हातातल्या कागदाकडे बघत होते, उलटं नाही, सुलटं नाही, नुसतंच. कागद किंचित मुडपलेला होता, चार वर्षं धरून धरून मऊ पडल्यासारखा.

“लोक झेरॉक्स काढतात,” ते हळूच म्हणाले, “प्रती घेतात, आणि मूळ कागद काचेवरच विसरून जातात.”

पट्टीबाईंनी मान वळवली.

“पहिल्या दिवशी तो स्वतःची प्रत काढतो, गडबडीत उठून जाते ती प्रतच, आणि त्याचं मूळ कागद होऊन मशीनमध्येच राहतं. पुढची सगळी फिकट माणसं प्रतीवरून काढलेली. हिने ते मूळ उचललंय. तिला काहीच काढून नकोय. ती त्याला ते परत द्यायला उभी आहे.”

“इतके दिवस?”

“रांग होती. आणि तो दरवेळी दुसऱ्यालाच हो म्हणत होता.”

पट्टीबाईंनी एक कोरं पान पुढे ओढलं, पट्टी ठेवली, दोन चौकटी आखल्या, आणि तिसरीपाशी थांबल्या. “मग देताना ती काय म्हणते? सांग, फुग्याला जागा सोडते.”

उलटरावांच्या डोक्यात एका दमात अकरा वाक्यं आली, एकाहून एक सरस. त्यातलं एक तर इतकं चांगलं होतं की ते मुखपृष्ठाच्या मागे छापता आलं असतं. त्यांनी ती अकराही गिळून टाकली.

“काही नको म्हणायला. ती कागद पुढे करते, तो तिच्याकडे बघतो. बस. फुगाच नको.”

“अख्ख्या शेवटच्या पानावर तुझा एक शब्द नसेल. चालेल तुला?”

“नाही चालणार,” उलटराव म्हणाले. “पण तू तसंच कर.”

पट्टीबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पेन्सिलीला टोक केलं. “जा आता घरी. उद्या सकाळपर्यंत आठ पानं काढायचीत.”

“बसू का? बघायचंय.”

“बस. पण बोलू नकोस.”

ते बसले. दुपार झाली, ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. पट्टीबाईंनी शेवटचं पान आधी काढायला घेतलं होतं, हात ताजा आहे तोवर. त्या बाईचा चेहरा, जो एकशेबारा पानांत कायम अर्धा किंवा पाठमोराच होता, तो रेघेरेघेने समोर वळत गेला. दमलेला, थोडा वैतागलेला, आणि तरीही कागद पुढे करणारा.

“कसं आहे?” पट्टीबाईंनी विचारलं.

उलटरावांना रडू आलं. अगदी खरं, नाक वाहण्याइतकं खरं. आणि त्याच क्षणी, जित्याची खोड, त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा की हे रडणं शनिवारी स्टेजवर मस्त वापरता येईल. त्यांनी तोही पट्टीबाईंना सांगून टाकला.

“ठाऊक आहे,” पट्टीबाई म्हणाल्या. “मागे सरक, पान भिजेल.”